राजाश्रय, लोकाश्रय आणि एक नाचरा गायक
(नभोवाणीवरील भाषण)

राजाश्रय हा शब्द ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या नगरांत वाढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दरबारच्या वेतनावर गवयांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, बडोद्याच्या दरबारी फैयाझखाँसाहेबांसारखे कलावंत होऊन गेले, याचा आपल्याला अभिमानच वाटतो. परंतु राजाश्रयाला एक दुसरीही बाजू असते. आश्रयदात्याला गाणे ऐकावयाचे नसून गाण्यातून केवळ स्वतःचेच नाव ऐकावयाचे असेल, तर त्या कलेचे काय होते? आणि असा आश्रयदाता एके दिवशी नाहीसा झाला, तर ती कला त्याच्याबरोबर सती जाते, की पुन्हा आपल्या पायांवर उभी राहते? या प्रश्नांचे उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडते, अशा एका गायकाची हकीगत मी आज सांगणार आहे. त्याचे नाव जॉनी व्हेंतुरा, आणि तो ज्या देशाचा, त्याचे नाव डोमिनिकन प्रजासत्ताक.

क्यूबाच्या पूर्वेस हिस्पानिओला नावाचे बेट आहे. १४९२ साली कोलंबस आपल्या पहिल्याच सफरीत या बेटाला लागला. बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग म्हणजे हैती, आणि उरलेला पूर्वेकडील भाग म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताक. स्पेनहून आलेले वसाहतवाले आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम यांच्या मिश्रणातून तेथील समाज घडला. त्या समाजाचा जो नाच आणि त्या नाचाचे जे गाणे, त्याला ‘मेरेंगे’ म्हणतात. त्याच्या उगमाविषयी पंडितांत वाद आहेत. आपण त्यांत न शिरता त्याची वाद्ये तेवढी पाहू. पहिले ‘तांबोरा’. नाव ऐकून आपल्या तंबोऱ्याची आठवण होईल. परंतु हे तंतुवाद्य नव्हे. दोन्ही तोंडांना कातडे मढविलेला हा ढोल वादक मांडीवर आडवा घेतो, एका तोंडावर हाताने थाप देतो व दुसऱ्यावर काठीने वाजवितो. दुसरे वाद्य ‘ग्विरा’, म्हणजे पत्र्याची खरबरीत नळी. तिच्यावर तारांचा काटा घासला की एक अखंड खरखर निघते आणि तिच्या लयीवर पावले आपोआप पडू लागतात. तिसरे वाद्य अकॉर्डियन. उत्तरेकडील सिबाओ खोऱ्यातील तंबाखू जर्मनीला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या व्यापाराच्या वाटेने हे वाद्य तेथे आले आणि पूर्वीच्या तंतुवाद्यांची जागा त्याने घेतली.

या नाचाला आरंभी प्रतिष्ठा नव्हती. १८५४ च्या नोव्हेंबरात सांतो दोमिंगो येथील ‘एल ओआसिस’ या पत्रात त्याचा उल्लेख आला, तो निंदेच्या सुरात. जुन्या शालीन नाचांना या नव्या धसमुसळ्या नाचाने हुसकून लावले, अशी ती तक्रार होती. पुढे कित्येक वर्षे मेरेंगे हे खेड्यापाड्यांतले, कष्टकऱ्यांचे, काळ्यासावळ्या लोकांचे गाणे म्हणूनच राहिले. बड्या घराण्यांच्या नृत्यगृहांत त्याला मज्जाव होता.

हा मज्जाव उठविला एका हुकूमशहाने. १९१६ ते १९२४ या काळात हा देश अमेरिकी फौजेच्या ताब्यात होता. त्या फौजेने उभारलेल्या स्थानिक पलटणीत राफाएल त्रुहियो नावाचा, सामान्य कुटुंबातला एक तरुण भरती झाला. बढत्या घेत घेत तो सेनापती झाला आणि १९३० साली राष्ट्राध्यक्ष झाला. तेव्हापासून १९६१ पर्यंत, कधी स्वतःच्या नावाने तर कधी बाहुल्या अध्यक्षांच्या आडून, एकतीस वर्षे त्यानेच राज्य केले. १९३६ मध्ये राजधानीचे सांतो दोमिंगो हे शतकानुशतकांचे नाव पुसून तिला ‘त्रुहियो नगर’ असे नाव देण्यात आले. देशातील सर्वांत उंच शिखरालाही त्याचेच नाव दिले गेले. १९३७ मध्ये सरहद्दीवर हजारो हैतियन लोकांची कत्तल झाली, ती त्याच्याच हुकमाने.

बड्या घराण्यांच्या क्लबांनी या शिपाईगड्याला आरंभी दाराशीही उभे केले नव्हते, आणि तो अपमान तो विसरला नाही. १९३० च्या प्रचारातच त्याने मेरेंगे वाजविणाऱ्यांचे ताफे बरोबर घेतले होते. सत्ता हाती येताच त्याने तो खेडवळ नाच उच्चभ्रूंच्या नृत्यगृहात नेऊन बसविला. लुइस आल्बेर्ती या गुणी संगीतकाराचा वाद्यवृंद त्याने राजधानीत आणविला आणि त्याचे नामकरण ‘अध्यक्ष त्रुहियो वाद्यवृंद’ असे केले. अकॉर्डियनच्या जागी अमेरिकी पद्धतीचे सॅक्सोफोन आणि ट्रंपेट आले. याच आल्बेर्तींचे ‘कोंपाद्रे पेद्रो हुआन’ हे मेरेंगे पुढे त्या देशात जवळजवळ दुसरे राष्ट्रगीत होऊन बसले. तेव्हा न्यायबुद्धीने पाहिले तर कबूल करावे लागते की, ज्या कलेला प्रतिष्ठितांच्या उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवता येत नव्हते, ती या क्रूर माणसामुळे घरोघर पोहोचली.

परंतु त्याची किंमत फार मोठी होती. त्रुहियोचा मान वाढविणारी मेरेंगे रचण्याची एक चढाओढच लागली. त्याचा वाढदिवस, त्याने बांधलेला पूल, त्याची घोषणा, त्याचा घोडा, सारे काही गाण्याचा विषय झाले. अशी गाणी शेकड्यांनी मोजावी लागतात. त्याचा भाऊ होसे आरिस्मेंदी, ज्याला लोक ‘पेतान’ म्हणत, हा ‘ला व्होस दोमिनिकाना’ या नभोवाणी केंद्राचा सर्वाधिकारी होता. हे केंद्र वाद्यवृंद बाळगी, कलावंतांना शिक्षण देई, परदेशी गायकांना आमंत्रित करी, आणि १९५२ पासून तेथून दूरचित्रवाणीही सुरू झाली. ‘मेरेंगेचा राजा’ म्हणून ज्यांचा गौरव होई ते होसेइतो मातेओ याच केंद्राचे लाडके गायक होते. म्हणजे पगार होता, शिक्षण होते, कीर्ती होती. नव्हता तो एकच अधिकार, नाही म्हणण्याचा. स्तुतिगीत गाणाऱ्या कलावंताला आपण आज दोष देणे सोपे आहे. पण ज्या देशात नुसत्या मौनाचाही अर्थ विरोध असा लावला जात होता, तेथे गायकाने करावे तरी काय?

अशा काळात, ८ मार्च १९४० रोजी, राजधानीत हुआन दे दिओस व्हेंतुरा सोरियानो या मुलाचा जन्म झाला. हौशी गायकांच्या स्पर्धांतून तो पुढे आला आणि ‘ला व्होस दोमिनिकाना’च्याच छत्राखाली त्याने गायनाचे धडे घेतले. १९५९ साली एक विलक्षण गोष्ट घडली. हुआन दे दिओस व्हेंतुरा सिमो नावाचा एक लष्करी वैमानिक त्रुहियोच्या विरोधकांना जाऊन मिळाला होता. त्याचा राजवटीने अंत केला. तेव्हापासून ते नाव उच्चारणेही धोक्याचे झाले. आपल्या तरुण गायकाने बापजाद्यांचे नाव बाजूस ठेवले आणि तो ‘जॉनी’ झाला. श्रोतेहो, लोक नाव बदलतात ते बहुधा कीर्तीच्या हौसेने. या माणसाला पुढे ज्या नावाने जगाने ओळखले, ते त्याला भीतीपोटी घ्यावे लागले होते.

३० मे १९६१ च्या रात्री राजधानीबाहेर समुद्रकाठच्या रस्त्यावर त्रुहियोची मोटार अडविण्यात आली आणि तो गोळ्या घालून ठार झाला. त्या वर्षअखेरीस त्याचे कुटुंबीयही देश सोडून गेले. राजधानीला तिचे जुने नाव परत मिळाले, पुतळे पाडले गेले. पण पुतळा पाडणे सोपे असते. गाण्याचे काय करावयाचे? ज्या तालावर एकतीस वर्षे एका माणसाचे गुणगान झाले, तो ताल लोकांनी फेकून द्यावा काय? तसे घडले असते तर नवल नव्हते. अनेक तरुणांना मेरेंगे हे म्हाताऱ्यांचे व दरबारी भाटांचे गाणे वाटू लागले होते, आणि त्याच सुमारास देशाची बंद दारे उघडून अमेरिकेतील रॉक अँड रोलच्या तबकड्या आत येऊ लागल्या होत्या.

व्हेंतुरा यांचे मोठेपण येथे दिसते. निरनिराळ्या वाद्यवृंदांतून गाऊन झाल्यावर १९६४ मध्ये त्यांनी स्वतःचा ताफा उभारला. त्याचे नाव ‘कोंबो शो’. या दोन शब्दांतच त्यांचे सारे धोरण आले. ‘कोंबो’ म्हणजे लहान, आटोपशीर ताफा. दरबारी थाटाचे मोठे वाद्यवृंद त्यांनी बाजूस ठेवले, मोजके ट्रंपेट व सॅक्सोफोन ठेवून तांबोरा आणि ग्विरा यांना पुढे आणले आणि लय जलद केली. ‘शो’ म्हणजे देखावा. पूर्वीचे वादक काळ्या कोटात, समोर स्वरलिपीचे कागद मांडून, खुर्च्यांवर बसून वाजवीत. व्हेंतुरा यांनी खुर्च्या काढून टाकल्या. गायकांची एक फळी रंगीत पोशाखात पुढे उभी राहिली आणि गाता गाता एका पावलाने नाचू लागली. हे त्यांना दोन ठिकाणांहून सुचले. एक, अमेरिकेचा एल्व्हिस प्रेस्ले. आणि दुसरे, शेजारच्या प्वेर्तो रिको बेटावरील राफाएल कोर्तिहो यांचा ताफा, ज्यातले कृष्णवर्णीय वादक १९५०–६० च्या दशकात उभे राहून नाचत वाजवीत असत. परक्या वस्तूचा अंगीकार करून आपली वस्तू वाचविणे ही कला सर्वांना साधत नाही. पुष्कळांची आपली वस्तू त्यात हरवते. व्हेंतुरा यांनी पोशाख घेतला, हावभाव घेतले, झगमगाट घेतला. ताल मात्र तांबोऱ्याचाच ठेवला.

या नाचऱ्या गायकाच्या रंगमंचावर उभे राहण्यात आणखी एक अर्थ होता, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्रुहियोची आजी हैतियन वंशाची होती. आपली कांती उजळ दिसावी म्हणून तो तोंडाला पावडर फाशीत असे, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या राजवटीत देशाचा सरकारी इतिहास असा लिहिला गेला की, आम्ही स्पेनची संतती आहोत, आफ्रिकेशी आमचा संबंध तो काय? मेरेंगे हे राष्ट्रीय संगीत खरे, परंतु त्याचे मूळ मात्र युरोपातले, असे सांगण्याकडे तेथील विद्वानांचाही कल होता. म्हणजे ढोल आमचा, पण ढोल आणणारा बाप आमचा नव्हे! व्हेंतुरा स्वतः कृष्णवर्णीय होते. त्यांनी या विषयावर वाद घातला नाही, ग्रंथ लिहिला नाही. ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उभे राहिले आणि आपल्या सबंध अंगाने नाचले. खेड्यापाड्यांतल्या काळ्यासावळ्या मुलांनी ते पाहिले आणि आपल्यासारखा दिसणारा माणूसही देशाचा लाडका होऊ शकतो, हे त्यांना कोणी न सांगता समजले.

देशाला मात्र लगेच स्वस्थता लाभली नाही. १९६२ च्या डिसेंबरात लोकांनी हुआन बोश या साहित्यिकाला अध्यक्ष निवडले. ते सत्तेवर आल्यापासून सात महिन्यांतच, १९६३ च्या सप्टेंबरात, लष्कराने त्यांना हुसकून लावले. २४ एप्रिल १९६५ रोजी बोश यांना व घटनेला परत आणण्यासाठी उठाव झाला आणि चारच दिवसांनी अमेरिकेने आपली फौज उतरविली. पुढे तिची संख्या वीस हजारांवर गेली. या झगड्यात व्हेंतुरा यांचा ओढा घटनावाद्यांकडे होता. त्यानंतर १९६६ पासून १९७८ पर्यंत, एके काळी त्रुहियोचा हस्तक असलेल्या होआकिन बालाग्वेर यांचे राज्य झाले. विरोधी डोमिनिकन क्रांतिकारी पक्षाशी व्हेंतुरा यांनी आपले नाते लपविले नाही. लोक त्यांच्या गाण्यांवर नाचत होते आणि गायक कोणत्या बाजूचा आहे हे त्यांना ठाऊक होते. राजाश्रयाखाली वाढलेली कला विरोधी पक्षातही जगू शकते, याचा त्या देशाला आलेला हा नवा अनुभव होता.

याच काळात हजारो डोमिनिकन लोक न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक होत होते. त्रुहियोने देशाबाहेर जाणे दुष्कर करून ठेवले होते. तो गेल्यावर बांध फुटला. १९६७ मध्ये व्हेंतुरा यांचा ताफा न्यूयॉर्कला गेला आणि पुढे ही वारी नित्याची झाली. कारखान्यांत आणि उपाहारगृहांत राबणाऱ्या त्या माणसांना आठवड्याच्या अखेरीस काय हवे होते, हे आपल्यापैकी ज्यांचे वाडवडील मुलूख सोडून दूर येऊन राहिले त्यांना सांगावयास नको. आपली भाषा चार भिंतींत राहते, पण आपला ताल कानी पडला की माणूस क्षणभर घरी जाऊन येतो. १९८० नंतर तर त्या शहरातील स्पॅनिशभाषी वस्त्यांत मेरेंगेने साल्सा या तेव्हाच्या मातब्बर संगीतालाही मागे टाकले. विल्फ्रिदो व्हार्गास यांनी लय आणखी वाढविली, हुआन लुइस गेर्रा यांनी काव्य आणले. पण वाट मळविली होती ती व्हेंतुरा यांनी.

टीका झालीच नाही असे नाही. जुन्या जाणत्यांचे म्हणणे असे की, राजा गेला आणि त्याच्या जागी बाजार आला. तबकड्यांच्या कंपन्या, जाहिराती आणि नृत्यगृहांचे मालक यांच्या मर्जीने गाणे ठरू लागले, अकॉर्डियनचा खेडवळ गोडवा मागे पडला, द्व्यर्थी शब्दांची चलती झाली. या आक्षेपांत तथ्य आहे. लोकाश्रय म्हणजे गंगाजळ नव्हे. लोकांच्या आवडीबरोबर लोकांची सवंगताही पदरी येते, आणि व्हेंतुरा यांच्या साऱ्याच गाण्यांना अभिजात म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु दोन आश्रयांत एक फरक आहे, तो विसरून चालणार नाही. न आवडलेली तबकडी श्रोता विकत घेत नाही, एवढेच. त्यासाठी तो गायकाला तुरुंगात धाडीत नाही.

आता या आयुष्याचे शेवटचे आणि मला सर्वांत विचार करावयास लावणारे प्रकरण. ज्याने गाण्याला सत्तेच्या दारातून सोडविले, तो गायक पुढे स्वतःच सत्तेच्या दारी गेला. व्हेंतुरा यांनी कायद्याची पदवी घेतली. १९८२ ते १९८६ ते लोकप्रतिनिधी म्हणून संसदेत होते. १९९४ पासून राजधानीचे उपमहापौर, आणि १९९८ मध्ये महापौर. ज्या नगराने त्रुहियोचे नाव पंचवीस वर्षे वागविले, ज्या नगरात एका मुलाला आपले खरे नाव सोडावे लागले, त्याच नगराची किल्ली त्या मुलाच्या हाती आली. लोकप्रियतेच्या बळावर गायकाने राज्यकर्ता व्हावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल आणि तो गैरवाजवी नव्हे. टाळ्या मिळविणे आणि शहराचा कचरा वेळेवर उचलणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याचे कौशल्य दुसऱ्यात उपयोगी पडेलच असे नाही.

तरीपण या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभात न शोधता तिच्या शेवटात शोधावे, असे मला वाटते. २००२ मध्ये त्यांची मुदत संपली. त्या वर्षीच्या निवडणुकीत राजधानी विरोधी पक्षाच्या रॉबेर्तो साल्सेदो यांच्याकडे गेली. तेही, गमतीची गोष्ट म्हणजे, दूरचित्रवाणीवरचे विनोदी नटच. व्हेंतुरा यांनी खुर्ची सोडली आणि ते आपल्या ताफ्याकडे परतले. त्रुहियोला खुर्चीवरून उठविण्यास बंदुका लागल्या. या गायकाच्या बाबतीत दिनदर्शिकेवरची एक तारीख पुरली. सत्तेला कलावंताने शिवू नये असे मी म्हणणार नाही. सत्ता हातची गेल्यावर ज्याला परतावयास स्वतःचे असे काही आहे, त्याने शिवावे. ज्याला नाही, त्याच्यापासून मात्र गाण्यालाही आणि नगरालाही धोका आहे.

२००६ मध्ये लॅटिन ग्रॅमीच्या संस्थेने त्यांना जीवनगौरव दिला. २८ जुलै २०२१ रोजी सान्तियागो शहरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८१ वर्षांचे होते. सरकारने दुखवटा जाहीर केला. त्यापूर्वी, २०१६ मध्ये, युनेस्कोने मेरेंगेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला होता. आणि त्या देशात २००५ पासून दर वर्षी २६ नोव्हेंबर हा ‘मेरेंगे दिन’ म्हणून पाळला जातो. ही तारीख कोठून आली? १८५४ साली ‘एल ओआसिस’ पत्रात या नाचाची निंदा ज्या दिवशी छापली गेली, तोच हा दिवस. सज्जनांनी झिडकारले, जुलमी राजाने डोक्यावर घेतले, बाजाराने विकले. या साऱ्यातून ते गाणे जगले, कारण प्रत्येक वेळी ते कोणी ना कोणी पुन्हा लोकांच्या पायांशी आणून ठेवले.

श्रोतेहो, त्रुहियोच्या स्तुतीची ती शेकडो गाणी आज ग्रंथालयांत अभ्यासकांसाठी उरली आहेत. त्यांतील ताल तोच होता, वाद्ये तीच होती, गळेही काही कमी नव्हते. त्यांत एकच उणीव होती: ती एका माणसासाठी गायली गेली होती.